गोधडीवर आईसपाईस

"मला दिसतोय एक छत्रीवाला बेडूक!" असं आजीनं म्हणायचं आणि तीन-चार वर्षांच्या नातवानं पालथं पडून गोधडीभर बोट फिरवत तो बेडूक हुडकायचा. सापडला की पाळी बदलते. आता नातवाला जे 'दिसतंय' ते आजीनं चष्मा पुसून शोधायचं, आणि नातू नेमका त्याच चौकोनावर फतकल मारून बसलेला असतो! अशा गोधडीला अमेरिकेत 'आय स्पाय क्विल्ट' म्हणतात. एका चौकोनात एक चित्र. कुठे आगीचा बंब, कुठे कलिंगडाची फोड, कुठे शनी, कुठे झोपलेलं मांजर. असे साठ-ऐंशी चौकोन जोडले, आत कापसाचा थर घातला, मागे अस्तर लावलं की पांघरूणही तयार आणि खेळही.

शिवणकाम म्हणाल तर अगदी बिगरीचं. मशीनवर सरळ टीप मारता आली की पुरे. कस लागतो तो चित्रं जमवताना. एका गोधडीसाठी ऐंशी वेगवेगळी कापडं आणायची कुठून? या एका प्रश्नापायी बायकांनी काय काय उद्योग केले, ते ऐकण्यासारखं आहे.

९९९ तुकडे आणि एक लबाडी

१८७० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत 'चार्म क्विल्ट'ची साथच आली होती. नियम एकच: गोधडीतले कोणतेही दोन तुकडे एका कापडाचे नकोत. एका घरात इतकी कापडं असणार कुठली? मग शेजारीण, मावशी, शाळेतली मैत्रीण, ओळखीची शिवणारी, सगळ्यांपुढे हात पसरायचा. म्हणून तिचं दुसरं नाव 'भिकाऱ्याची गोधडी'. ९९९ तुकडे व्हायला हवेत अशी समजूत होती. त्याच सुमारास मुली बटणांच्या माळा ओवत. ९९९ वेगवेगळी बटणं झाली की हजारावं बटण घेऊन राजकुमार दारात हजर! राजकुमारांचा हिशेब कुणी ठेवला नाही, माळा मात्र जुन्या वस्तू जमवणारे अजून आवडीनं घेतात.

लबाडी पुढेच आहे. काही जणी सगळी गोधडी नियमानं शिवून मुद्दाम एकच जोडी सारखी ठेवत. दोन तुकडे, एकाच कापडाचे, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. तापानं अंथरुणात पडलेल्या पोराला सांगायचं, "जोडी शोध बरं." तुकडे शेकड्यांनी, त्यामुळे दुपार निघायची. चित्रांच्या गोधडीचं मूळ इथं आहे असं मानायला माझी काही हरकत नाही.

अकरा बेडकांचं करायचं काय?

आजच्या बायका हात पसरत नाहीत, अदलाबदल करतात. त्यामागे शुद्ध गणित आहे. तिकडच्या दुकानात कापडाचा एक तुकडा मिळतो १८ इंच बाय २२ इंचांचा. त्यातून पाच इंची चौकोन निघतात बारा. आपल्याला बेडूक हवा एक, मग उरलेल्या अकरांचं करायचं काय? उपाय असा की बारा जणींनी एकेक कापड घ्यायचं, प्रत्येकीनं बारा चौकोन कापायचे आणि वाटून टाकायचे. प्रत्येकीच्या हाती बारा वेगळी चित्रं पडतात, खर्च एका कापडाचा. शिवणाऱ्यांच्या मंडळांत असे सौदे नेहमीचे, टपालानंही चालतात. लिफाफा फोडताना आत डायनासोर निघतो की डोनट, हे आधी कळत नाही. मोठ्यांचा खेळ तिथूनच सुरू होतो.

दुकानात पाच इंची चौकोनांची तयार गड्डीही मिळते. त्यात साधारण ४२ तुकडे असतात, सगळे एकाच डिझायनरच्या एकाच मालिकेतले, रंग एकमेकांना शोभणारे. पण शोधाशोधीला ती गड्डी कुचकामी. सगळंच गुलाबी-पोपटी आणि गोड गोड असेल तर पोरानं शोधायचं काय? या गोधडीत रंगांची भांडणं हवीत. शेंदरी ट्रॅक्टरशेजारी जांभळा ऑक्टोपस बसला तर उत्तमच.

शंभर घरांचं पांघरूण

तुकडे मागून आणण्याची लाज अमेरिकेबाहेर तर मुळीच नाही. उत्तर चीनमध्ये बाळ जन्मलं की शंभर घरांतून एकेक चिंधी आणून 'बाई जिया बेई' शिवायची चाल होती. तुकड्याबरोबर त्या घराचा आशीर्वादही शिवला जातो अशी श्रद्धा. जपानमध्ये याच समजुतीतून लहान मुलांचे 'ह्याकुतोकु' किमोनो झाले, तेही शंभर घरांच्या तुकड्यांचे. चीनमधून मुलं दत्तक घेणाऱ्या अमेरिकन कुटुंबांनी ही चाल उचलली आणि नातेवाइकांकडून कापडाचा चौकोन आणि सोबत चार ओळींचं पत्र मागवायला लागली. मग आत्याच्या तुकड्यात घुबड, काकांच्या तुकड्यात विमान, कुणाच्या तुकड्यात नुसते ठिपके. चीनची चाल आणि अमेरिकेचा खेळ एकाच पांघरुणात नांदू लागले.

आपल्याकडेही बाळाचं दुपटं नव्या कोऱ्या कापडाचं करत नाहीत. त्याला धुवून धुवून मऊ झालेलं सुती लुगडंच लागतं. मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला निघालेल्या आज्यांच्या बॅगेत मेतकुटाखाली असं एखादं लुगडं असतंच.

चित्रं कापडावर आली कशी?

इंग्लंडमधल्या क्विल्ट शिवणाऱ्यांच्या संस्थेकडे १७१८ सालची एक रेशमी चादर आहे. तुकडे जोडून केलेली, साल आणि 'ई. एच.' ही आद्याक्षरं शिवलेली. तिच्यात पक्षी आहेत, प्राणी आहेत, बदाम आहेत, एक बाई आणि एक बाप्याही आहे. चादर शिवणाऱ्यानं रेशमाचे बारीक तुकडे कागदाच्या साच्यांवर दुमडून स्वतःच प्राणी घडवले. तीनशे वर्षांनी त्यातलं हरीण शोधायला आजचं पोर बसवलं तर तेही रमेल.

मग भारताची पाळी. कोरोमंडल किनाऱ्यावरची रंगवलेली छिटं अठराव्या शतकात युरोपात इतकी गाजली आणि इतकी महाग पडली की वाया घालवायची कुणाची छाती नव्हती. तिथल्या बायका छिटावरचा एकेक पक्षी, एकेक फूल कातरून साध्या कापडावर बसवत. एका हात कापडात अख्खा पलंगपोस सजायचा. इंग्लंडच्या सरकारनं कायदे करून या कापडांवर बंदी घातली, तेव्हा जवळचा तुकडा आणखीच जपून कापला गेला असणार.

१८८० च्या आसपास अमेरिकेत शर्टाच्या कापडावर चिमुकली चित्रं छापायची टूम निघाली. घोड्याचे नाल, जहाजाचे नांगर, टेनिसच्या रॅकेटी. पांढऱ्या कापडावर काळी नखाएवढी चित्रं. साहेबांनी असे शर्ट घातले, शर्ट विरले आणि चिंध्या गोधडीत गेल्या.

पण खरी धमाल पिठाच्या पोत्यांनी केली. अमेरिकेत पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. बायका पोती उसवून त्यांचे परकर, टॉवेल, पोरांचे कपडे शिवत. पण गिरणीचा शिक्का धुता धुता हात दुखायचे. १९२० च्या दशकात पोती विकणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी पोतंच फुलाफुलांचं काढलं. एकदम चढाओढ लागली. ज्याचं पोतं देखणं त्याचं पीठ खपणार! नक्षी काढायला चित्रकार नेमले, आणि गिरणीचा छाप असा की साबणात धुतला की जाईल. काही पोत्यांवर बाहुलीचे आराखडेच छापलेले असत. रेषेवर कातरा, चिंध्या भरा, शिवा, की बाहुली तयार. एका झग्याला साधारण तीन पोती लागत, म्हणून बाजाराला निघालेल्या नवऱ्याच्या हाती नमुन्याची चिंधी द्यायची, याच नक्षीचं पोतं आण म्हणून. दुकानदाराला सगळ्यात खालचं पोतं ओढायला लावणारा तो बिचारा शेतकरी डोळ्यासमोर आणा! दुसऱ्या महायुद्धात कापडाची चणचण झाली तेव्हा याच पोत्यांनी घरं सावरली. त्या काळच्या गोधड्यांत कोंबडीच्या खाद्यावरची फुलं अजून टवटवीत आहेत.

आता तर घरबसल्या आपलं चित्र कापडावर छापून मागवता येतं. नॉर्थ कॅरोलायनात २००८ मध्ये सुरू झालेली स्पूनफ्लॉवर ही कंपनी हेच करते. घरच्या मांजराचा फोटो, आजोबांची स्कूटर, बाळाचं पहिलं चित्र, काय हवं ते.

पाचशे मैल पळालेली डुकरीण

चित्रांच्या गोधड्यांची सम्राज्ञी म्हणजे हॅरिएट पॉवर्स. जन्म गुलामगिरीतला, गाव जॉर्जिया राज्यातलं अथेन्स. तिनं १८८६ च्या सुमारास बायबलमधल्या प्रसंगांची गोधडी केली. ११ चौकटी, त्यात माणसं, प्राणी, सूर्य. गरजेपोटी १८९१ मध्ये ती विकायला काढली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. त्यानंतर कितीतरी वेळा ती आपली गोधडी बघायला गिऱ्हाइकाच्या घरी जाई. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

तिची दुसरी गोधडी बॉस्टनच्या संग्रहालयात. १५ चौकटींची ही गोधडी लहान मुलांनी तर जरूर बघावी, कारण बायबलाच्या जोडीला तिच्यात बातम्या आहेत. १८३३ चा उल्कावर्षाव आहे. भर दिवसा अंधारून आलं तो १७८० चा दिवस आहे. हाडं गोठवणारा १८९५ चा गुरुवार आहे. आणि जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळत गेलेली एक स्वतंत्र बाण्याची डुकरीण आहे, नावासकट: बेट्स! बायबलातले प्रसंग चालू असताना ही आपली कापडावर पळतेच आहे.

जिराफाची मान

आता कातर हाती घेऊ. पाच इंची चौकोनाला चारही बाजूंनी पाव इंच कापड शिलाईत जातं, त्यामुळे दिसायला उरतात साडेचार इंच. चित्र या साडेचार इंचांत बसायला हवं. माकडाचं, सफरचंदाचं काम सोपं. गोची होते जिराफाशी. मान बघावी तर पाय तुटतात, पाय ठेवावेत तर डोकं शिलाईत. अनुभवी बाई पारदर्शक प्लास्टिकचा साचा कापडावर सरकवत राहते. साच्यावर पाव इंचाची रेघ आखलेली असते. डोळा, कान आणि दोन शिंगं रेघेच्या आत आली की पायांना रामराम. पोराला जिराफ डोक्यानं कळतो, खुरांनी नाही! असं नेमकं चित्र टिपून कापलं की उरलेल्या कापडाला खिडक्या पडतात आणि बाराच्या जागी सहाच चौकोन निघतात. काटकसरी बायकांचा जीव इथं कासावीस होतो.

या नेमक्या कापण्यात लूसी बोस्टन या इंग्रज लेखिकेचा हात कुणी धरू शकलं नाही. मुलांसाठी 'ग्रीन नो'च्या कादंबऱ्या लिहिणारी ही बाई हेमिंगफर्ड ग्रे गावच्या जुन्या गढीत राहायची आणि लांबुळक्या षटकोनांच्या गोधड्या हातानं शिवायची. कापडाची नक्षी ती अशी कापायची की तुकडे जुळले की नवीच नक्षी उमटावी. ती ९७ वर्षं जगली आणि म्हातारपणीही तिची सुई थांबली नाही.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी बाजारात 'फसवं कापड' आहे. अख्ख्या कापडावर चौकोन आणि चित्रं आधीच छापलेली. नुसतं अस्तर लावा आणि सांगा मी शिवली. हीही युक्ती जुनी आहे, एकोणिसाव्या शतकातही असं कापड मिळत होतं. आमच्याकडच्या कुणा आजीच्या नजरेतून मात्र ते सुटणार नाही.

निवडताना

एका चौकोनात एकच वस्तू, आणि तिला नाव सांगता यावं. 'काहीतरी गोड नक्षी' बाद. फिकट पिवळ्यावर फिकट कोंबडीचं पिल्लू बाद, कारण ते कुणालाच सापडत नाही. सगळी चित्रं खेटून बसवली की डोळे गरगरतात, म्हणून पुष्कळ जणी मध्ये एकरंगी चौकोन किंवा गडद पट्ट्या घालतात. आठ ओळी बाय दहा ओळी धरल्या तर ८० चौकोनांची गोधडी होते ३६ इंच बाय ४५ इंच. जमिनीवर अंथरून दोन पोरं लोळायला ऐसपैस.

मांडणीतही गमती आहेत. 'बरण्यांची गोधडी' माझी लाडकी. फडताळाच्या फळ्यांवर काचेच्या बरण्या मांडलेल्या, आणि एका बरणीत भुंगे, एकीत लिमलेटच्या गोळ्या, एकीत चक्क डोळे. दुसरी 'माळ्याची खिडकी'. प्रत्येक चित्राच्या दोन बाजूंना एक गडद आणि एक फिकी पट्टी तिरकी जोडायची, की चित्र खिडकीच्या चौकटीपलीकडे ठेवल्यासारखं खोल दिसतं. साध्या दोन पट्ट्यांत डोळ्याला एवढा चकवा दुसऱ्या कुठल्या नमुन्यात नाही.

मराठी घरात हे करायचं तर कापड शोधायला लांब जायला नको. कटपीसच्या दुकानातले वारली छापाचे तुकडे, कलमकारीतले मासे आणि मोर, पोराच्याच आखूड झालेल्या झबल्यावरचा हत्ती, बाबांच्या फाटक्या शर्टाचा खिसा. खिशात चित्र लपवता येतं, तो तर डबल खेळ. पैठणीच्या काठातला मुनिया पोपट घालायचा मोह होईल. आवरा! रेशीम आणि जर आठवड्याच्या धुण्यात टिकत नाही.

शोधायला लावणारी एक गोधडी आपल्या शेजारीही आहे. गोव्याहून निसटलेल्या गुलामांचे वंशज उत्तर कर्नाटकातल्या जंगलपट्टीत राहतात, ते सिद्दी लोक. त्यांच्यातले ख्रिस्ती सिद्दी कोकणी बोलतात. त्यांच्या बायकांची 'कवंदी' ही गोधडी कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्यावर संपते. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची 'फुलां' लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. चित्रं नसली तरी चार फुलां शोधायला रांगतं पोर बरोबर जातं.

खेळावं कसं

दीड-दोन वर्षांच्या पोराला "भूभू कुठंय?" एवढंच. तीन वर्षांच्याला "लाल लाल काय काय आहे?" चार वर्षांनंतर वर्गवारी: उडणाऱ्या तीन गोष्टी दाखव, पाण्यात राहणाऱ्या दोन दाखव. विमान आणि घुबड एका गटात कसे, यावर वाद होणार, होऊ द्या. पाच-सहा वर्षांच्या शहाण्याला कोडी घाला. "शेपूट आहे, उंदीर नाही; उडतो, पण पंख नाहीत." पतंग! "डोक्यावर तुरा, अंगभर डोळे, तरी मोर नाही." अननस! रात्री दिवे मालवून बॅटरीच्या झोतात शोधायला लावलं तर दिवसा सहज सापडणारा खेकडाही पोरं ओरडून ओरडून शोधतात. झोपेचं मग विसरा.

वस्ताद बायका मागच्या अस्तरावर कापडी पट्टी शिवून तिच्यावर यादी लिहितात: ७ चाकं, ४ टोप्या, १ भूत. भूत कुठेही नसतं, ही आतली गोष्ट. काही जणी अस्तराच्या एका कोपऱ्यात एकच चित्र गुपचूप शिवतात आणि पोराला ते महिन्यांनी सापडतं.

डोळ्यांनी शोधण्याचा हा नाद माणसाला जुनाच आहे म्हणा. पीटर ब्रूगेलनं १५६० मध्ये काढलेल्या चित्रात ऐंशीहून अधिक खेळ खेळणारी पोरं आहेत, ती अजून व्हिएन्नाच्या संग्रहालयात लोक मोजत बसतात. अली मिटगुच या जर्मन चित्रकाराचं गच्च भरलेल्या शहराचं पुस्तक १९६८ चं, पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला, गर्दीत शोधायचा वॉली १९८७ चा आणि जीन मार्झोलो-वॉल्टर विक जोडीचं 'आय स्पाय' १९९२ चं.

धुण्याआधी, पांघरण्याआधी

एक गोष्ट मात्र थट्टेत घ्यायची नाही. वर्षाच्या आतलं बाळ झोपवताना पाळण्यात गोधडी, उशी, मऊ खेळणी काही ठेवू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, कारण नाका-तोंडावर आलं तर गुदमरण्याचा धोका. तोवर गोधडी जमिनीवर अंथरा, आपण शेजारी बसून बाळाला पालथं पडू द्या. डोळे म्हणून बटणं, शेपूट म्हणून मणी असले लाड तीन वर्षांखालच्यांसाठी नकोत. तिकडे खेळण्यातला सुटा भाग ३१.७ मिलिमीटर रुंदीच्या नळीत मावला की तो धोक्याचा ठरतो. अंदाजासाठी बटण जवळ धरून बघा, बहुतेक नापास होतं. चित्राचे डोळे दोऱ्यानं भरा.

कोरं सुती कापड आधी धुवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात कुठे आटेल आणि कुठे नाही, आणि हत्तीला सुरकुत्या पडतील. लाल-निळ्याचा रंग जातो का, ते ओला पांढरा रुमाल घासून बघा. इतकं करूनही वापरातली गोधडी कुठेतरी विरतेच, आणि विरते ती लाडक्या चौकोनातच. तिथं नवं चित्र ठिगळ म्हणून बसवायचं आणि पोराला काही सांगायचं नाही. मांजराच्या जागी मगर आलीय हे त्याला कधी कळतं, यावर घरातल्यांनी पैज लावावी.